अक्कांच्या नथीचं काय करायचं

फ्रीगंज, उज्जैन
२ सप्टेंबर २०२५

चि. मुक्तास,
अ. उ. आ.

तुझ्या आईने सांगितलंच असेल, आमच्या इशिताचं लग्न ठरलं. मुलगा इंदूरचा, नाव आल्हाद. स्वभावाने गरीब आहे, म्हणजे इशिताचं निभेल. लग्न डिसेंबरात, इथेच उज्जैनला.

आता कामाचं. इशिताने जाहीर केलं आहे की तिच्या अंगावर नव्या खाणीतलं गुंजभरही सोनं चढणार नाही. सोनं जुनं हवं, घरचं हवं, आणि कुठून आलं ते ठाऊक हवं. सराफ्यात जाऊन मी हे सांगितलं, तर दुकानदाराने आधी मला बसायला सांगितलं आणि पाणी मागवलं. मग मला तू आठवलीस. नाशकात तू नेमकी असलीच कारागिरी करतेस ना, जिच्यापायी तुझे वडील परेशान असतात?

आमचा पुतण्या प्रसाद कामासाठी तुमच्याकडे निघाला आहे, त्याच्याबरोबर डबी देते. आत माझ्या सासूबाईंची, अक्कांची, नथ आहे. ती वितळव. अर्धी नाही, पूर्ण. आणि त्या सोन्यातून इशितासाठी नवी नथ कर, जी घालून माणसाला दोन घास जेवता येतील.

तुझ्या काकांना हे बिलकुल कळता कामा नये, म्हणून फोन न करता लिहिते आहे. आमच्या घरात फोनला रेंज फक्त पुढच्या खोलीत, आणि पुढच्या खोलीत कायम तुझे काका. त्यांच्या लेखी ती नथ म्हणजे साक्षात अक्का. का वितळवायची ते विचारू नकोस. उत्तर शेजारच्या कल्पनाच्या पत्त्यावर टाक.

तुझी माया अशीच राहू दे, आणि तोंड बंद राहू दे.
तुझी,
अहल्यामावशी


उज्जैन
५ सप्टेंबर २०२५

चि. मुक्ता हिस,
गोपाळकाकाचे आशीर्वाद.

प्रसादला देवास गेटला बसमध्ये बसवायला मी गेलो होतो. त्या माणसाच्या पोटात काही राहत नाही, कचोरीही नाही आणि बातमीही नाही. मावशीने दिलेली डबी त्याने स्वतःच उघडून दाखवली. आत अक्काची नथ. इशिताची अट मला माहीत आहे, तेव्हा पुढचं मी समजलो.

तुझ्या मावशीला मी काही बोललो नाही. एक तर ती लग्नाच्या गडबडीत आहे, आणि दुसरं म्हणजे माझी हिंमत नाही. पण बेटा, अक्काची आता ही एकच वस्तू घरात उरली आहे. तिची भांडी वाटून गेली, लुगड्यांच्या गोधड्या झाल्या. सणाला तुझी मावशी ती नथ घालायची तेव्हा वाटायचं, अक्का स्वयंपाकघरात कुठेतरी आहे.

तेव्हा नथ वितळवू नकोस. इशिताची नवी नथ खुशाल कर, सोनं मी देतो. उद्याच सराफ्यातून बिस्किट घेऊन पाठवतो, पक्क्या बिलासकट. मावशीला सांगू नकोस. उत्तर टावर चौकात माझा दोस्त विष्णू राहतो, त्याच्या पत्त्यावर दे.

आमच्यावर जीव आहेच तुझा, तो कमी करू नकोस.
तुझा,
गोपाळकाका


नाशिक
१२ सप्टेंबर २०२५

ती. गोपाळकाकांस,
शि. सा. न.

पत्र मिळालं. मावशीने मला काय लिहिलं ते मी तुम्हाला सांगणार नाही आणि तुम्ही काय लिहिलंत ते तिला सांगणार नाही. दोन्ही पत्रं एकाच फडताळात ठेवली आहेत, तीच एकमेकांशी बोलून घेतील.

बिस्किट पाठवू नका. पक्क्या बिलावर दुकानाचं नाव असतं, खाणीचं नसतं. जगात कुठे तरी माणसं नदीकाठी उघड्या हातांनी पारा कालवून सोनं काढतात. पारा त्यांच्या अंगात जातो, नदीतल्या माशांत जातो. ते सोनं बाकीच्या सोन्याबरोबर एका भट्टीत गेलं की कुणाचं कुठलं, काही ओळखू येत नाही. बाजारातलं जुनं सोनं घ्यावं, तर त्यात कुणाचं हिसकावलेलं मंगळसूत्रही असू शकतं. म्हणून मी फक्त मालकाच्या हातून घेते आणि भरपूर प्रश्न विचारते. परवा एक बाई वैतागून म्हणाल्या, की मुलीचं स्थळ बघताना आम्ही इतकी चौकशी केली नव्हती.

तुमची नथ नीट पाहिली. सोनं चोख आहे. मोती इतक्या सफाईने बांधलेत की तारेचं टोक शोधून सापडत नाही. फक्त नाकात अडकवायचा आकडा फार जाड आहे, आणि वजन म्हणाल तर ही नथ नाही, कुलूप आहे.

ती वाचवायची तर तुमच्या स्वतःच्या मालकीचं जुनं सोनं हवं. खरं तर मावशीशी बोलणं त्याहून सोपं. तोवर सोनं वितळवायची माझी मूस थंड आहे.

प्रेम असू द्यावं, या गुप्तहेरावर जरा जास्तच.
आपली,
मुक्ता


उज्जैन
२० सप्टेंबर २०२५

चि. मुक्ता हिस,
अनेक आशीर्वाद.

मावशीशी बोलणं सोपं, असं तू लिहिलंस. तू लहान आहेस.

माझ्या मालकीचं म्हणावं असं सोनं एकच निघालं, लग्नातली अंगठी. मी काढायला तयार होतो, ती निघायला तयार नव्हती. आधी साबण लावला, मग खोबरेल, मग तूप. विष्णूने बोटाला दोरा गुंडाळून ओढायची युक्ती काढली. त्यात अंगठी जागच्या जागी राहिली आणि विष्णू खुर्चीसकट मागे गेला. शेवटी सराफ्यातल्या एका कारागिराने बारीक कातरीने ती कापली. कापता कापता त्याने हळूच विचारलं, साहेब, तलाक वगैरे आहे का. मी म्हटलं, नाही भैया, तोच टाळतो आहे.

अंगठी सोबत आहे. मालक मी, हात माझा. विचार काय विचारायचं ते.

मायेत अंतर पडू देऊ नकोस.
तुझा,
गोपाळकाका


उज्जैन
२९ सप्टेंबर २०२५

चि. मुक्तास,
अ. उ. आ.

नथीचं काय झालं ते तू कळवलं नाहीस, पण आज मी त्यासाठी लिहीत नाही. माझा जीव थाऱ्यावर नाही.

तुझ्या काकांच्या बोटात अंगठी नाही. विचारलं तर म्हणाले, रामघाटावर आंघोळ करताना क्षिप्रेत गेली. ज्या माणसाने सिंहस्थातसुद्धा घरी गीझर लावून आंघोळ केली, तो आता रामघाटावर कशाला जाईल? दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं तर म्हणाले, भाजी मार्केटात पडली. पहिलं काय सांगितलं होतं तेच ते विसरले होते. त्यांच्या थोरल्या भावाचं असंच सुरू झालं होतं.

मी त्यांना डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी पाच शब्द सांगितले आणि थोड्या वेळाने परत विचारले. ह्यांनी चार धडाधड म्हटले, मग माझ्याकडे पाहिलं आणि चौथा परत घेतला. आज वार कोणता, तर छताकडे बघत बसले. बाहेर आल्यावर मात्र पन्नास स्कूटरींतून आपली बरोबर ओळखली. डॉक्टर म्हणाले, असे पेशंट मी पाहिले नाहीत.

इशिताला अजून सांगितलं नाही. लग्न तोंडावर आहे, आणि संध्याकाळी हे गॅलरीत बसले की मी उगाच त्यांना जुनी नावं विचारत बसते. सगळी बरोबर सांगतात, आणि मग दचकून एखादं चुकवतात. मी काय समजावं?

धीर दे, आणि आम्हाला अंतर देऊ नकोस.
तुझी,
अहल्यामावशी


नाशिक
५ ऑक्टोबर २०२५

ती. सौ. अहल्यामावशी आणि ती. गोपाळकाका,
दोघांनाही एकत्र शि. सा. न.

हे पत्र मुद्दाम तुमच्या घरच्या पत्त्यावर टाकते आहे. ज्याच्या हाती आधी पडेल त्याने दुसऱ्याला हाक मारावी आणि मोठ्याने वाचावं.

मावशी, काकांची स्मरणशक्ती ठणठणीत आहे. त्यांची अंगठी माझ्याकडे आहे. नथ वाचावी म्हणून त्यांनी ती कापून पाठवली, आणि तुला कळू नये म्हणून डॉक्टरांपुढे शब्द विसरले. काका, मावशीने नथ वितळवायला सांगितली आहे, आणि कारण मला लिहिलेलं नाही. ते तुम्ही विचारा.

सोनं कुठल्या नदीकाठचं, हे मी अनोळखी माणसांना विचारत सुटते. आणि माझ्याच घरचं सोनं दोघांनी एकमेकांपासून लपवून पाठवलं, ते मी गुपचूप ठेवून घेतलं. नथ काकांच्या आईची, पण नाक मावशीचं. अंगठी काकांच्या बोटातली, पण घातली मावशीने. दोन्ही वस्तूंना दोन-दोन मालक आहेत. माझ्या कामात याला चोख सोनं म्हणत नाहीत.

प्रसाद परत येतो आहे, त्याच्याबरोबर दोन्ही वस्तू पाठवते. दोघांचा होकार एका कागदावर आला तरच मी हात लावीन. नाही आला तर इशिता फुलांची नथ घालेल, तीही सुंदर दिसते.

रागवायचं तर दोघांनी मिळून माझ्यावर रागवा, निदान एकत्र काही तरी कराल.
तुमची,
मुक्ता


उज्जैन
१४ ऑक्टोबर २०२५

चि. मुक्तास,
अ. उ. आ.

पत्र ह्यांच्या हाती पडलं. त्यांनी हाक मारली, पण वाचता वाचता आवाज इतका बारीक झाला की उरलेलं मलाच वाचावं लागलं. आधी मी डॉक्टरांवरून बोलून घेतलं. ते मोठं प्रकरण झालं, ते इथे लिहीत नाही.

मग ह्यांनी विचारलं, का वितळवायची. मी सांगून टाकलं. लग्नाच्या दिवशी अक्कांनी तो आकडा दाबून घातला तेव्हा माझं नाक फाटलं होतं. पुढे प्रत्येक सणाला नाक सुजलं की अक्का म्हणायच्या, सवय होईल. सवय झाली नाही. चाळीस वर्षं सणाचं जेवण मी सगळ्यांच्या मागून, नथ काढून जेवले. ह्यांना वाटायचं, मी वाढण्यात गुंतले आहे.

ह्यांनी प्रसादने आणलेली डबी उघडली आणि नथ स्वतःच्या नाकाला लावली. टोचलेलं नाही, म्हणून आकडा दाबून नाकपुडीवर चिमटला. म्हणाले, चहा होईपर्यंत ठेवून बघतो. तेवढ्यात प्रेसचा माणूस लग्नपत्रिकेचा नमुना घेऊन आला, आणि हे तसेच दार उघडायला गेले. तो बिचारा सगळा वेळ जमिनीकडे बघत होता. ह्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, अक्षर काही दिसत नव्हतं, पण मान हलवून सगळं पास केलं. आता पत्रिकेत आल्हादच्या जागी 'आल्हाददायक' छापून येणार आहे.

दार लावून आत आले, नथ काढली आणि नाक धरून खाली बसले. मग एवढंच म्हणाले, "अहल्या, तू मला सांगितलं का नाहीस?"

मी म्हटलं, "तुम्ही किती खूश दिसायचात."

थोड्या वेळाने उठून त्यांनी जुना अल्बम काढला. मला वाटलं, आता अक्कांची आठवण येणार. पण ते एकेक फोटो डोळ्यांजवळ नेऊन बघत होते. मग अल्बम माझ्यापुढे धरला. मुंजीत, बारशात, त्यांच्या आत्याच्या लग्नात, कुठल्याच फोटोत अक्कांच्या नाकात नथ नाही. सुनेसाठी जपून ठेवली आहे, असं त्या सांगायच्या. मी उंबरा ओलांडला त्याच दिवशी त्यांनी ती माझ्या नाकात घातली, आणि सुटल्या.

हे म्हणाले, "म्हणजे तिलाही टोचत होती."

मुक्ता, अक्का गेल्या तरी मला त्यांचा राग होता, तो त्या क्षणी कुठे गेला कळलं नाही. आम्ही दोघं इतके हसलो की कल्पना भिंतीपलीकडून विचारायला आली.

तर नथ वितळव. मोती तेच वापर, त्यांचा काही गुन्हा नाही. अंगठी मात्र वितळवायची नाही. ह्यांचं बोट मोकळं बघायची मला सवय नाही. ती सांधून, नथीतलं थोडं सोनं घालून मोठी कर, म्हणजे निघेल तरी. प्रसाद परत येतो आहे. तो म्हणतो, यापेक्षा नाशकात घर घेतो.

खाली सही करायला ह्यांना देते. आमच्यावरची माया सांधलेली राहू दे.
तुझी,
अहल्यामावशी

पूर्ण होकार. नाक अजून लाल आहे.
गोपाळ


नाशिक
११ नोव्हेंबर २०२५

ती. सौ. मावशी आणि ती. काका,
शि. सा. न.

नथ मोडताना आधी एकेक मोती सोडवून मऊ फडक्यावर ठेवला. मग सोनं मुशीत घातलं. आकडा सगळ्यात शेवटी वितळला. सोन्याची कांडी ओतली, ठोकून लांब केली, आणि पोलादी पट्टीच्या लहान लहान होत जाणाऱ्या भोकांतून ओढत ओढत केसासारखी तार केली. तिच्यावर तेच मोती बांधले. आकडा बारीक केला आणि टोक गोल घासलं. काकांच्या अंगठीचा सांधा आता दिसत नाही. ती साबणाशिवाय निघेल, पण मावशीला विचारल्याशिवाय काढू नका.

इशिताला देण्याआधी नथ पारखायला हवी, म्हणून काल सकाळी मी स्वतः घातली. दुपारी भाजी आणायला गेले, बँकेत गेले, येताना गाडीत हवा भरली. सगळे माझ्याकडे बघत होते. मला वाटलं, नवीन ड्रेस चांगला दिसतो आहे. संध्याकाळी तोंड धुताना हाताला मोती लागले.

तुमची, अशीच लाडकी राहू द्या,
मुक्ता