जाळ्याला हात लावायचा नाही

२७ ऑक्टो., सोम.
राजुऱ्याहून परत. दिवाळी माहेरी बरी गेली. पिशवीत ताईनं दिलेलं मशीन, टॉवेलात गुंडाळून. पोटावर फिरवलं की बाळाचे ठोके ऐकू येतात. तिच्या लेकीच्या वेळी घेतलं होतं तिनं. म्हणाली, "तिसरा महिना भरू दे, मंग लाव. घाई नको करू." घाई आणि मी! एसटीतच सारखा हात पिशवीत जात होता.
घरी फक्त विनोदला माहीत. सासूबाईंना इतक्यात सांगायचं नाही असं आम्ही नवरा-बायकोनं ठरवलंय.

२९ ऑक्टो.
दुपारभर ओसरीवर जाळं दुरुस्त केलं. तलावातल्या खेकड्यांनी भोकं पाडून ठेवलीत.
आमच्याकडे दोन जिवाची बाई जाळ्याला हात लावत नाही. गाठ मारली की पोटात नाळेला गाठ पडते म्हणतात. मागच्या वर्षी दिवस राहिले तेव्हा सासूबाईंनी कळल्या-कळल्या हातातून जाळं काढून घेतलं. सगळी गल्ली चिडवत होती. आणि मग सगळं गेलं. परत जाळं घेऊन ओसरीवर बसले, तर कोणाला काही सांगावंच लागलं नाही. बाया येता-जाता बघायच्या आणि काही बोलायच्या नाहीत. ते न बोलणं...
म्हणून यंदा गाठी मारतेय. प्रत्येक गाठीला मनात म्हणते, ही तुझी नाही हं बाळा.

१ नोव्हें., शनि.
लावलंच. सासूबाई धान कापायला गेल्या होत्या. जेलची ट्यूब सुकलेली, म्हणून वि.नं परसातली कोरफड कापून तिचा गर पोटावर चोळला. नुसती खरखर. मग गुरगुर. "हे त तुह्या पोटातलं सकाळचं बेसन बोलून राह्यलं!" हसून हसून मशीन घसरलं. हसता हसता रडायला लागले.
वि. म्हणाला, "आज पाणी गढूळ असन. उद्या पाहू." मासे मारणाऱ्याचं समाधान ते.

४ नोव्हें.
ऐकू आलं!! बेंबीच्या खाली, डावीकडे. धप धप धप, एकसारखं. वि.नं श्वास धरून ठेवला होता. मग एकदम, "अरे बापा! आहे न वो, आहे!" मोबाईलमध्ये आवाज भरून घेतला त्यानं. संध्याकाळी भात परत परत वाढून घेतला. सासूबाई माझ्या ताटाकडे बघतच राहिल्या.

५ नोव्हें.
या माणसाच्या तोंडात तीळ भिजत नाही. डोंग्यातून उतरला तो सरळ आईकडे, मोबाईल तिच्या कानाला. त्यांना आधी कळेचना काय वाजतंय. कळलं तशा ओसरीवर आल्या आणि माझ्या हातातून जाळं ओढून घेतलं, सुई-दोऱ्यासकट.
"काऊन वो, मले परकी समजते का तू? एवढ्या गाठी मारत बसली!"
रागावल्या, आणि मग माझं डोकं पोटाशी धरलं. दिवेलागणीला शेजारच्या काकू कढी घेऊन आल्या. म्हणजे गल्लीला कळलं. लपवायचं होतं, पण खरं सांगू, छान वाटलं. फार छान.

९ नोव्हें., रवि.
ताईचा फोन. आनंदानं सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मशीन लावून आपली नाडी पाह्यली का? लेकराचं लय जोरात पळते. तुह्या नाडीसंगं जुळत असन त ते तुहंच आहे."
घरात कोणी नसताना लावलं. दुसऱ्या हाताची बोटं गळ्यावर ठेवली. धप इकडे, धप तिकडे. एकाच वेळी. कूस बदलून पाहिलं. तेच.
परत फोन केला. "इतक्या लवकर नाई सापडत कधीकधी. रडू नको. चंद्रपूरले जा, सोनोग्राफी कर." कळतं मला. पण एवढे दिवस मी माझ्याच काळजाशी लाडेलाडे बोलत होते.

११ नोव्हें.
सासूबाई मागेच लागल्या, "मले बी आयकव न वो." लावलं. काय करणार? डोळे मिटून ऐकत होत्या. "बापावर गेला. दमानं चालते."
दमानं! तिथेच सांगायचं होतं. तोंडही उघडलं. त्या पदरानं डोळे पुसत होत्या. नाही सांगितलं.

१३ नोव्हें.
वि.ला सांगितलं. तलावाच्या पाळीवर जाळी वाळत घालत होता. शेवाळ काढता काढता म्हणाला, "मंग तो कुठी आहे?"
मला काय माहीत. मीही तेच विचारतेय रोज.
मोबाईल काढला. वाटलं, आता आवाज पुसणार. पण परत खिशात टाकला. "राहू दे. तुहं त आहे न." इतका राग आला आणि इतकं प्रेम आलं, दोन्ही एकदम.
उद्या चंद्रपूर.

१४ नोव्हें., शुक्र.
दवाखान्यात, बाकावर. पाणी पिऊन पोट तट्ट. वि. बाहेर, पुरुषांना आत सोडत नाहीत. निघताना सासूबाई शिडी लावून माळ्यावर चढल्या आणि जाळं आत ढकलून आल्या. "आता बारशापर्यंत खाली नाई काढत." गुडघा धरून उतरल्या. त्यांच्याकडे बघवेना.
एवढी आस मला कशाचीच लागली नव्हती, लग्नाचीसुद्धा नाही. पुढची बाई आत गेली.
बाळा, आवाज नको देऊस. लपून बस, गप्प बस, तुला हवं तितकं. पण अस.
माझं नाव घेतलं