सात सह्या, एक हात

बर्मिंगहॅम, ९ फेब्रुवारी २०२५

चि. नीनास दादाचे अनेक आशीर्वाद.

गुडघा सोडला तर इथे सारं ठीक. मुद्द्यावर येतो. माझा संग्रह तुला ठाऊकच आहे: व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या विनोदी गाण्यांची छापील पानं, वर त्या त्या गायकाची शाईची सही. काल आमच्या संग्राहक मंडळातल्या एका जाणकाराने भिंग लावलं आणि सांगितलं, की यातल्या सात सह्या एकाच हाताच्या आहेत. गायक सात, हात एक!

ही सातही पानं तुझ्या वहिनीने लग्नाच्या वाढदिवसांना दिलेली. दरवर्षी ती तुझ्याकडे आठवडाभर यायची आणि तुझ्या ओळखीच्या त्या जुन्या पुस्तकवाल्याकडून पान आणायची. कल्याणी फसली म्हणावं, तर तीस वर्षं बँकेत सह्या तपासण्यात गेली तिची. मग मी दिवा आडवा धरून पाहिलं. एका पानाच्या कोपऱ्यात शाई नाही, नुसता दाब उमटलाय: श्री. नवं पेन हातात आलं की आधी श्री लिहायचा, हे त्या इंग्रज गायकाला कुणी शिकवलं?

म्हणजे हात मराठी आहे. त्या दुकानाशी गट्टी असलेली मराठी बाई मला एकच माहीत आहे. शाळेत प्रगतिपुस्तकावर बाबांची सही कोण ठोकायचं, तेही मी विसरलेलो नाही.

खरं काय ते कळव. आशीर्वाद आहेतच, पण सध्या थोडे हातचे राखून.

दादा

ग्लासगो, १४ फेब्रुवारी

ती. दादास नीनाचा शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र वाचून आधी हसले, मग संतापले. प्रगतिपुस्तकावरची सही तुझ्याच गणिताच्या मार्कांपायी होती, हे बरं सोयीस्कर विसरलास! या सह्या मी केलेल्या नाहीत. दुकानदारानेही नाहीत. याहून जास्त विचारू नकोस, मी शब्द दिलाय. भिंग ठेवून दे आणि गुडघ्याला शेक घे.

माया होती तशी ठेव.

नीना

बर्मिंगहॅम, १९ फेब्रुवारी

चि. नीनास आशीर्वाद.

शब्द दिलाय म्हणतेस, म्हणजे लपवण्यासारखं काहीतरी आहे. एक तारखेला मंडळाची बैठक आहे. दुकानदाराविरुद्धची तक्रार लिहून तयार आहे. ती तुमच्या नगरपालिकेला जाईल आणि मंडळाच्या बातमीपत्रातही छापून येईल. कल्याणीला कुणी सात वर्षं फसवलं आणि मी गप्प बसायचं? ती किती आनंदाने ते पान माझ्यापुढे करायची! ते आठवलं की जीव तुटतो. तक्रारीत तुझं नाव घालायचं की नाही, एवढंच ठरायचं आहे.

दादा

ग्लासगो, २४ फेब्रुवारी

ती. दादास नमस्कार.

एका निरपराध म्हाताऱ्याचं दुकान बुडेल, म्हणून शब्द मोडते. सह्या वहिनीच्या आहेत.

तुझी बायपास झाल्यावर दोन महिने तू कुणाशी बोलत नव्हतास, आठवतं? त्या वर्षी तिला सहीचं पान कुठेच मिळालं नाही. तिने बिनसहीचं घेतलं आणि माझ्या जेवणाच्या टेबलावर बसून, पुस्तकातला नमुना बघत, सही केली. बँकेतली विद्या पहिल्यांदाच उलटी वापरली म्हणाली. परत निघताना फार घाबरली होती. पण तू ती सही पाहिलीस आणि गाणं मोठ्याने म्हटलंस. दोन महिन्यांनी घरात तुझा आवाज आला. मग तिला थांबता येईना. पानावर रद्दी कागद ठेवून नव्या पेनाने आधी श्री काढायचा, ही सवय मात्र सुटली नाही.

सोबत आठवं पान पाठवते. गेल्या एप्रिलमध्ये तिने पेन चालवून पाहिलं आणि छातीत दुखतंय म्हणून टेबलावरून उठली. पुढचं तुला माहीत आहे. हे पान द्यायचा धीर मला आजवर झाला नाही.

रागावलास तरी आपली समज.

नीना

बर्मिंगहॅम, ३ मार्च

चि. नीनास दादाचे आशीर्वाद, या वेळी पुरेपूर.

तक्रार फाडून टाकली. फसवणूक झालेलीच नाही, असं मंडळाला सांगितलं. घरच्याच माणसावर संशय घेतला, त्याची लाज वाटते.

आठव्या पानावर सहीची जागा कोरी आहे. दिवा आडवा धरला, तर कोपऱ्यात श्री सापडला. गाणं म्हणायला घेतलं, पण दुसऱ्या ओळीपुढे जमलं नाही. ते पान आता भिंतीवर आहे, बाकी सगळ्यांच्या वर. ते खरं आहे, हे सांगायला मला भिंग लागत नाही.

एकदा येऊन जा. वाट पाहतो.

दादा