तेरा नंबरचे बूट

१२ ऑक्टोबर, शनिवार

आजपासून मी निर्भय. तशी आधीही होतेच, पण केंड्राला लेखी पुरावा हवाय. पोटची पोर, पण बोलते विमा एजंटसारखी. म्हणे बाबा जाऊन सात महिने झाले, तू त्या आडबाजूच्या घरात एकटी, घर विक आणि आमच्याकडे ये. मी म्हटलं, मला काय धाड भरलीय इथे? शेवटी ठरलं ते असं: नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंग सणाच्या आत बायकांच्या नेमबाजी वर्गाचं सर्टिफिकेट आणलं, तर घर माझं आणि विषय बंद. नाही आणलं, तर मुकाट्याने सामान बांधायचं.

पहिला वर्ग झाला. शिकवणारी राँडा, पूर्वी शेरीफच्या पोलीस खात्यात होती. आम्ही सात बायका. त्यातली ओपल चौऱ्याहत्तर वर्षांची, वॉकर धरून येते. बिचारीचं वाईट वाटलं.

रिव्हॉल्व्हर घेतलं, पाच गोळ्यांचं. वर जांभळी पिशवी फुकट.

१३ ऑक्टोबर, रविवार

वर्गात सूचनांचा कागद मिळालाय. एकट्या बाईने मागच्या दाराबाहेर पुरुषाचे मोठे, वापरलेले बूट ठेवावेत. चोराला वाटतं, आत दांडगा गडी आहे. बाकीच्या बायका आता जुन्या बाजारात बूट शोधत हिंडतील. माझ्याकडे आयते आहेत. नवऱ्याचे, ड्वाइटचे, तेरा नंबर, लाकडाच्या गिरणीतला भुसा अजून शिवणीत अडकलेला. कपाटातून काढून पायरीवर ठेवले.

सात महिन्यांत पहिल्यांदाच हात लावला. काही वाटलं नाही. नंतर हात धुतले. दोनदा.

१९ ऑक्टोबर, शनिवार

राँडाची एक खोड आहे. आपली पाठ वळली की ती खऱ्या गोळ्यांत एखादी खोटी सरकवते, लाल प्लॅस्टिकची. कितवी, ते सांगत नाही. खोटी आली की बार होत नाही, नुसतं टक. पण आवाजाच्या भीतीने तुमचा हात आधीच खाली गेला असेल, तर तो सगळ्यांना दिसतो. अशा पाच खोट्यांवर हात स्थिर राहिला की सर्टिफिकेट.

माझा पाचही वेळा गेला. डोळेही मिटले म्हणे. साहजिक आहे. कानावरची टोपणं घट्ट होती, आणि चष्मा घातला नव्हता, कारण चष्म्यात मी घाबरट दिसते. ओपलचा हात हलला नाही. तिला वॉकरचा टेकू असतो, त्यात काय मोठंसं.

२२ ऑक्टोबर, मंगळवार, संध्याकाळी ५.४०

मागच्या पायरीवर पाऊल वाजलं. जड. एक, मग थांबून दुसरं. रकून असणार, कचरा उपसणारं ते जनावर.

५.५५. रकून पाय झटकून वर येत नाही. चोर असणार. बरं झालं वर्ग लावला.

बाहेर जाऊन पाहिलं. कोणी नाही. बुटांची टोकं दाराकडे होती. मी ठेवताना कशी होती, आठवत नाही. वाऱ्याने फिरली असतील.

२३ ऑक्टोबर, बुधवार

संकल्प: रोज साडेपाचला स्वयंपाकघरात, मागच्या दाराकडे तोंड करून, खोट्या गोळ्यांचा सराव. राँडाचा पहिला नियम आहे की सराव चालेल त्या खोलीत खरी गोळी असताच कामा नये. नवशिक्यांसाठी ठीक आहे. मी दोन्ही एकाच काचेच्या वाडग्यात ठेवल्या आहेत, ड्वाइटच्या पेपरमिंटच्या. लाल त्या खोट्या, पितळी त्या खऱ्या. मी काय आंधळी आहे?

२ नोव्हेंबर, शनिवार

उत्तम प्रगती. माझ्या कागदावर एक भोक. ओपलच्या कागदावर सहा, आणि तिने तर पाचच झाडल्या होत्या. म्हणजे माझ्यात ताकद आहे, फक्त दिशेचा प्रश्न आहे.

कागद घरी आणून फ्रिजवर लावला. विणायच्या सुईने मधोमध आणखी दोन भोकं पाडली. गोळ्या जाणार होत्याच तिथे. फोटो केंड्राला पाठवला. तिने नुसता अंगठा पाठवला.

४ नोव्हेंबर, सोमवार

काल हिवाळ्याच्या नियमाने सगळ्यांनी घड्याळं एक तास मागे घेतली. आता साडेपाचलाच काळोख. मला वाटलं, चोर काळोख बघून येणार, आता पाऊल चार चाळीसला वाजेल. चारपासून बसून राहिले. नाही वाजलं.

पाच चाळीसला वाजलं.

चोर कुठला घड्याळ मागे घेतोय? गिरणीतून सुटणारा माणूस घेतो. हे मी लिहायला नको होतं. उद्यापासून साखर बंद, साखरेने भलतेसलते विचार येतात.

९ नोव्हेंबर, शनिवार

पुन्हा पाचही वेळा हात खाली. राँडाने मला बाजूला नेलं. मला वाटलं, पद्धत बदल म्हणेल. ती हळूच म्हणाली, "अर्लीन, आवाजाच्या आधी डोळे मिटणाऱ्या बायका मी ओळखते. हे तुला बंदुकीने नाही शिकवलेलं."

मी म्हटलं, माझा ड्वाइट चांगला होता हो. आवाज जरा मोठा, एवढंच. मनगट मोडलं ते जिन्यावरून पडून, आणि दाराची फळी तर आधीपासूनच सैल होती. राँडाने यातलं काहीच विचारलं नव्हतं.

घरी येताना गाडीत रडले. सर्दीच असावी.

१४ नोव्हेंबर, गुरुवार, ५.२५

ठाम निर्णय. खोट्या गोळ्यांमुळेच हात बिघडतो. आजपासून खऱ्या. वाडग्यातून घेऊन भरल्या. चष्मा वरच्या खोलीत राहिलाय, पण मोजून पाच भरल्या. बाहेर पाऊस, चिखल. आज येऊ दे त्याला.

त्याच दिवशी, ८.१०

लिहून ठेवायला हवं.

पाच चाळीसला पाऊल वाजलं. एक, मग थांबून दुसरं. मग बूट झटकल्याचा आवाज. मग हाक आली, "अर्लीन!" तशीच, जेवण तयार नसल्यावर यायची तशी. कुलूप फिरलं. दारात काळोख उभा होता, मोठा, दोन्ही हात पुढे घेतलेला. मी चाप ओढला.

टक.

काळोखाच्या हातातली लाकडं खाली पडली. केंड्रा होती. मला न सांगता बघायला आली होती. चिखलामुळे गाडी फाटकापाशी ठेवली, स्वतःचे जोडे खराब होऊ नयेत म्हणून पायरीवरचे बूट चढवले, शेडमधून माझ्यासाठी जळण घेतलं, आणि आपल्याकडच्या किल्लीने दार उघडून आली. म्हणते, आई आई म्हणून दोनदा हाक मारली. मला ती ऐकू आली नाही.

रिव्हॉल्व्हर तिनेच माझ्या हातातून सोडवलं आणि उघडलं. पाचांतल्या चार पितळी. एक लाल. ती पहिली आली होती.

ती जमिनीवर बसली, बूट पायातच. मी तिच्याजवळ बसले. मग ती म्हणाली, "ते गेले गं आई. आता नाही यायचे."

मी म्हटलं, माहीत आहे.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

रिव्हॉल्व्हर राँडाकडे पोचतं झालं. फ्रिजवरचा कागद काढला. सामान बांधायला घेतलं, केंड्रा खोकी चिकटवतेय. मला बघितलं की हसते, पण माझ्याकडे पाठ करत नाही. बूट कचऱ्याच्या गाडीत गेले.

दुपारी राँडाचा फोन. उद्या शेवटचा वर्ग आहे, म्हणे ये अर्लीन, पाच नाही तर नाही, एका लाल गोळीवर तरी हात स्थिर ठेवून दाखव, मग तुलाच बरं वाटेल.

मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. सांगितलं नाही तिला. काल एक लाल गोळी आली तेव्हा माझा हात तसूभरही हलला नाही. डोळेसुद्धा उघडे होते. दारात मला ड्वाइट दिसत होता.