पाय मी उचलला नव्हता

प्रिय सोन्या,

'सोन्या' हे हाताच्या सवयीनं लिहून गेलं. आज तुला सोन्या म्हणावं असं तू काही केलेलं नाहीस. पण खोडलं तर पत्राची सुरुवातच खाडाखोडीनं होईल, आणि मी जन्मभर लोकांना सीट सरकवून, आरसे बघून, पट्टा लावून नीट सुरुवात करायला शिकवलंय. तेव्हा राहू दे. फोन केला नाही, कारण फोनवर तू मला बोलू देत नाहीस. "आई, तू आधी शांत हो बघू," असं सुरू करतोस. मला शांत व्हायचं नाहीये. पत्र वाचताना तुला मला मध्येच थांबवता येणार नाही, म्हणून पत्र.

काल गाडी बघायला दातांचा डॉक्टर आला होता. माझा जुना विद्यार्थी. गाडी विकायचं ठरल्यापासून तू मागे लागला होतास की गाडी माझ्याकडे आणून ठेव, मी परस्पर विकतो, तू त्यात पडू नकोस. मला वाटलं, आईला आपली गाडी दुसऱ्याच्या हातात जाताना बघवणार नाही, म्हणून पोरगं धडपडतंय. डोळ्यांत पाणी आलं माझ्या, इतकी मी बावळट. तरीही म्हटलं, माझी गाडी मीच दाखवणार. तुझ्याकडे मी एक किल्ली दिली होती, दुसरी माझ्या कपाटातच होती. काल रस्त्यावर काय झालं ते सांगतेच, पण आधी थोडं मागचं सांगू दे. नाहीतर तू शेवटचं पान वाचशील आणि बाकीचं समजलं असं धरून चालशील. लहानपणी धडे असेच वाचायचास.

मोटार ड्रायव्हिंग स्कूल चालवणाऱ्या बाईचं आयुष्य शेजारच्या सीटवर जातं. माझंही गेलं. पायाशी तो दुसरा ब्रेक, आणि पाय सतत त्याच्यावर अधांतरी. समोर सायकलवाला, शेजारी घामाघूम झालेला कुणीतरी, आणि मी तोंडानं "छान, छान, अगदी छान" म्हणत पायानं त्याचा जीव वाचवतेय. अजूनही पोटरीत गोळा येतो तो त्यामुळेच. तुझे बाबा म्हणायचे, ही झोपेतही ब्रेक मारते. आणि गाड्या तरी कशा? दुसऱ्यांनी आपटायच्या म्हणूनच घेतलेल्या. शाळा विकली तेव्हा मी एकच म्हणाले होते, आता एक गाडी माझी. तू हसलास. सूनबाईंना वाटलं मी बाजारात जायला एखादी छोटी ऑटोमॅटिक घेणार. मागे इंजिन असलेली स्पोर्ट्स कार म्हटल्यावर त्यांनी वाढता वाढता डाव परत भांड्यात ठेवला. या वयात तुला शोभतं का, असं तू तोंडानं म्हणाला नाहीस. पाण्याचा पेला उचलून प्यायलास.

शोरूममधला तो पोरगेला सेल्समन सगळं तुला विचारत होता. सर, मॅडमना गिअरवाली झेपेल का? सर, मॅडमना पांढरा रंग बरा, विकताना बरा पडतो. मॅडम शेजारीच बसली होती आणि त्याला गिअर टाकायला शिकवण्याइतकी तिची उमेद शिल्लक होती. तू उठून फोनवर बोलायला बाहेर गेलास तेव्हा मी आणि भिंगरीनं खुर्च्या पुढे ओढल्या. ते पडद्यावर एकेक गोष्ट निवडत जायचं प्रकरण तुझ्या लेकीला इतकं आवडलं की तीन दुपारी आम्ही तिथेच पडीक होतो. रंग विटकरी घेतला. गिअर हातानं टाकायचे. स्टिअरिंगवर बटणं नकोत, मला गाडी चालवायची आहे, गाणी बदलायची नाहीत. मागच्या दोन सीट म्हणजे नावालाच, तिथे भाजीची पिशवी नीट बसते. भिंगरी म्हणाली काढून टाक, मी म्हटलं राहू देत, तुझा बाप रुसला तर बसवायला होतील. सीटबेल्ट पिवळे, ही तिची निवड. विटकरी गाडीला पिवळे पट्टे कोण घेतं? पण ती म्हणाली, आज्जी, पट्टा लावायचा विसरणारच नाहीस. आयुष्यात पहिल्यांदा मी एखादी वस्तू कुणाला काय वाटेल याचा विचार न करता घेतली होती. पेट्रोल पंपावरचा माणूस पाइप घेऊन मागे जायचा, झाकण सापडायचं नाही, आणि मग ते पुढच्या चाकापाशी आहे हे सांगताना आम्हा दोघींना हसू आवरायचं नाही.

आता ही गाडी चालवायची कशी, ते. हे मी तुला जेवताना समजावलं होतं, पण तू मोबाइलमध्ये होतास, म्हणून परत. इंजिन मागच्या चाकांच्याही मागे असतं. भरलेली पिशवी हातात धरून गिरकी घेतली की पिशवी कशी बाहेर ओढ घेते, तसं ते वजन वळणात बाहेर ओढ घेतं. अॅक्सिलरेटर हलका दाबून धरला की गाडी मागच्या चाकांवर बसते आणि रस्ता घट्ट धरते. पण घाबरून पाय उचललास की सगळं वजन पुढे येतं, मागची चाकं हलकी होतात आणि गाडीचा पार्श्वभाग तुझ्या पुढे जाऊ बघतो. म्हणून वेग कमी करायचा तो वळणाच्या आधी, सरळ रस्त्यावर. एकदा वळणात शिरलं की पाय उचलायचा नाही. भिंगरीला मी हे इतक्या वेळा घोकायला लावलं होतं की ती जिना उतरतानाही म्हणायची.

मग तू एक दिवस अचानक म्हणालास, सर्व्हिसिंगला गाडी मी नेतो, तू कशाला दगदग करतेस. गाडी धुऊनपुसून परत आली. मी शेजारणीला सांगितलं, पोराला शेवटी माझी गाडी आवडायला लागली. पुढचे काही दिवस गावातल्या गावातच फिरले. आणि त्या रविवारी भिंगरीला घेऊन धरणाच्या रस्त्याला गेले. पहाटे सर पडून गेली होती, रस्ता ओला होता, म्हणून मी परवानगी आहे त्याहूनही सावकाशच होते. दगडखाणीच्या पुढचं ते लांबलचक वळण. आधी वेग कमी केला, आत शिरले, आणि शिकवल्याप्रमाणे पाय हळूहळू दाबत गेले. बरोबर मध्यावर गाडीतला जोरच गेला. कुणी तरी दोर कापावा तसा. मागची बाजू सुटली. मी स्टिअरिंग उलट फिरवलं, गाडीतल्या घसरण सावरणाऱ्या यंत्रांनीही काय करायचं ते केलं, तरी आम्ही अर्धी गिरकी घेऊन गवतात गेलो आणि मागची बाजू कुंपणाच्या खांबाला जाऊन लागली. भिंगरी ओरडली नाही. पिवळा पट्टा दोन्ही हातांनी धरून बसली होती आणि तिचे दात वाजत होते. तिला काही लागलं नाही. हे वाक्य मी त्यानंतर किती वेळा स्वतःशी म्हटलं असेल!

फोन केल्यावर तू आलास. तिला जवळ घेतलंस, ते बरोबरच. मग माझ्याकडे वळून म्हणालास, "तरी मी सांगत होतो." मी म्हणाले, माझाच पाय उचलला गेला असेल रे, मला कळलंच नाही. तू खाली बघितलंस, बुटानं गवत उकरलंस आणि म्हणालास, "होतं असं आई, या वयात." किल्ली मी तिथेच तुझ्या हातात ठेवली. ती तू घेतलीस. खिशात घातलीस.

तेव्हापासून माझं काय झालं ते तुला माहीत नाही, कारण तू विचारलं नाहीस. गाडी दुरुस्त होऊन दाराशी आली, तरी मी बसनं जायला लागले. रस्ता ओलांडताना दूरवर गाडी दिसली तरी उभी राहायचे. गॅस बंद केला की नाही हे बघायला अर्ध्या जिन्यातून परत यायचे. आपला पाय आपल्याला न कळत उचलला जातो, तर मग हात काय करत असतील, जीभ काय बोलत असेल, असं वाटायचं. आणि भिंगरी यायची बंद झाली. शिकाऊ लायसन्स काढायला मी तिला नेणार होते. आता म्हणते, आज्जी, मला नाही शिकायचं, बस असते ना. फोनवर माझ्याशी हळू आवाजात बोलते, आजारी माणसाशी बोलतात तसं. घाबरते ती. गाडीला घाबरते आणि मला घाबरते. मी मान्य करून टाकलं होतं की हे माझ्या हातून झालंय आणि आता असंच राहणार.

तर काल. डॉक्टर चालवत होता आणि मी शेजारी, माझ्या नेहमीच्या जागी. त्याचा पाय मला पाठ आहे. शिकताना तो सारखा ब्रेकवर चढायचा, म्हणून इतक्या वर्षांनंतरही माझी नजर आधी त्याच्या पायाकडे गेली. गावाबाहेर सरळ रस्ता लागला, त्यानं वेग वाढवला, आणि एका ठिकाणी गाडीतला जोर गेला. अगदी तसाच. त्याला वाटलं, आपलंच काहीतरी चुकलं, आणि तो ओशाळून हसला. पण मी त्याचा पाय बघत होते. पाय दाबलेला होता, सोन्या. पाय खाली टेकलेला होता आणि गाडी मरगळली होती. त्याला मी गाडी बाजूला घ्यायला लावली, पुन्हा तेच करायला लावलं. पुन्हा त्याच वेगाला तेच. मग घरी येऊन गुडघे दुखत असताना पॅडलपाशी आडवी झाले, टॉर्च लावला, आणि ती काळी डबी सापडली. तुझ्या सामान पोचवणाऱ्या व्हॅनना बसवतोस ना, ड्रायव्हरनी वेगात जाऊ नये म्हणून, ठरावीक वेगाला इंजिनाचा जोर तोडणारी, तीच. तुझ्या कंपनीचा स्टिकरसुद्धा काढला नव्हतास.

मला माहीत आहे तू काय म्हणणार. काळजीपोटी केलं. असेल. तुझ्या व्हॅनचं इंजिन पुढे असतं, जोर तुटला तर नुसता झटका बसतो, ड्रायव्हर तुला शिव्या देतो आणि पुढे जातो. या गाडीत तीच डबी वळणात काय करेल, हे तुला कळलं नाही. पण अरे, तुझी आई जन्मभर हेच करत आली! मला एक प्रश्न विचारला असतास तर? विचारायला लाज वाटली, कारण मी नाही म्हणाले असते. मग सर्व्हिसिंगच्या निमित्तानं, मला न सांगता माझ्या पायाखाली आपला ब्रेक बसवलास. मी शेजारी बसून लोकांसाठी ब्रेक मारला, तेव्हा त्यांना ठाऊक असायचं की बाईंचा पाय तिथे आहे. तू निदान शेजारी तरी बसायला हवं होतंस.

तरी डबीबद्दल मी दोन दिवस आरडाओरडा केला असता आणि संपलं असतं. मी तुझ्यावर रागावले आहे ते त्यानंतरच्या गोष्टीसाठी. त्या गवतात उभा असताना तुला कळलं होतं. तुझा चेहरा मी लहानपणापासून बघतेय, तुला कळलं होतं. आणि तू मला माझ्या तोंडानं माझी चूक कबूल करू दिलीस. मला म्हातारी होऊ दिलंस, कारण ते तुला सोयीचं होतं. इतकी नीच गोष्ट तुझ्या हातून झाली, हे लिहितानाही मला संताप येतोय, आणि रडूही येतंय, दोन्ही लिहून ठेवते.

गाडी विकायची नाही. डॉक्टरला मी चहा पाजून परत पाठवलं. डबी काढली आहे, माझ्या टेबलावर आहे. पण पत्र त्यासाठी लिहिलेलं नाही. भिंगरीला मी अजून काही सांगितलेलं नाही. काल रात्री तिचा फोन आला होता, तेव्हा जिभेवर आलं होतं, पण गिळलं. मी सांगितलं तर तिला आजी परत मिळेल आणि बाप हातचा जाईल. ते मला नकोय. तू सांग. समोर बसवून, मोबाइल बाजूला ठेवून, डबी कुणी बसवली आणि गवतात कोण गप्प राहिलं ते सगळं सांग. ती चिडेल. चिडू दे, शांत हो म्हणू नकोस. रविवारी सकाळी मी गाडी घेऊन तुमच्या दाराशी येते, हॉर्न वाजवणार नाही. ती खाली आली तर मला कळेल की तू सांगितलंस. नाही आली तरी कळेलच.

तुझीच, आणि त्याला इलाज नाही म्हणूनच,
आई