जपानी कापसाची त्रिपुरवात

ती. वत्सलाताईस,

शालनचा पाया पडून नमस्कार. गुडघा कसा आहे? तेल लावतेस की नुसती कण्हतेस? मी इथं परदेशात, बॉटनी डाउन्सला लेकीकडं बरी आहे. भाग्यश्रीला सातवा लागला, पाय सुजलेत, बाकी ठीक.

लिहायचं ते संग्रामरावांबद्दल. ताई, जावई नाही, रत्न आहे रत्न. बाळ यायच्या आत सिगारेट सुटली पाहिजे, पुन्हा वास आला तर मी आईबरोबर साताऱ्याला निघाले, असं भाग्यश्रीनं तोंडावर सांगितलं (माझ्यावरच गेलीय). मग त्यांनी वाफ ओढायचं यंत्र घेतलं, व्हेप म्हणतात. त्यात तारेचं एवढंसं वेटोळं असतं, ते हे स्वतः वळतात आणि त्यातून कापूस ओवतात. कापूस निकोटिनचा रस पितो, तार तापते, वाफ निघते. आणि कापसाची निवड! मी लुगडं घेताना एवढं बघत नाही. औषधाच्या दुकानातला आणला, तर वाफेला दवाखान्याची चव. दुसरा रसच धरीना. शेवटी जपानी मिळाला, चौकोनी, जाड पापडासारखा. वरचा पापुद्रा काढून आतला घ्यायचा. घट्ट भरला तर रस चढत नाही आणि जळका ठसका लागतो, सैल भरला तर गळतो. हे सगळं मला समजावून सांगतात (मी विचारलेलं नसतं).

तर त्रिपुरी पौर्णिमा आली आणि घरात वातीला कापूस नाही. देवाचं काम, म्हणून मी त्यांच्या जपानी कापसाचाच डबा उपसला आणि साडेसातशे पदरांची वात वळली. काय सूत निघालं गं! तुपात बुडवणार, तेवढ्यात संग्रामराव कामावरून आले. यंत्रातला कापूस सकाळीच जळालेला, दिवसभर तसेच. रिकामा डबा बघितला आणि गाडीची किल्ली उचलली. कुठं निघालात? तर म्हणे, डेअरीत, दूध आणतो. (इथं कोपऱ्यावरच्या दुकानाला डेअरी म्हणतात, सिगारेटी तिथंच मिळतात.) फ्रिजमध्ये दुधाचे दोन कॅन भरलेले!

मी दारात आडवी झाले आणि वात पुढं केली.

"आई, ही देवाची आहे."

"देवाला तलफ येत नाही. बसा खाली."

पीळ घट्ट होता, तसा चालेना. मी थोडे पदर उकलून बोटांनी पिंजले. त्यांनी ओवले, टोकं कातरली, रस सोडला आणि थांबले. ते थांबणं बघायला हवं होतंस! दिवसभराची तलफ, पण कापूस पुरता भिजेपर्यंत माणूस ओढत नाही. मग एक झुरका. जळका वास नाही, काही नाही. किल्ली खुंटीवर गेली. देवाला उरलेल्या पदरांची वात लावली, छान जळली.

तुझी,
शालन

ता.क. तू इकडं येताना माझ्यासाठी मिश्री आण, असं मी म्हणाले होते, ती आणू नकोस. परवा संग्रामरावांनी विचारलं, आई, तुम्ही कधी सोडणार? मी म्हटलं, आजपासून.

ता.क. दुसरा. एक डबी आणच. थांबणारे ते, मी नाही.