पहिली वाटी

आई, मी हवाईला जाऊन आले. तू असतीस तर "तिथे काय ठेवलंय एवढं?" म्हणून विषय संपवला असतास. तिथे अळू ठेवलंय. तेवढं सांगायला बसले आहे, नाहीतर तुला सांगावं असं माझ्याकडे बऱ्याच वर्षांत काही साठलेलं नाही.

तुझ्या जावयाची तिथे कॉन्फरन्स होती, म्हणून आम्ही दोघी शेपटासारख्या मागे गेलो. तो दिवसभर कॉम्प्युटरच्या चिप्सवरची भाषणं ऐकत बसायचा आणि मी तुझ्या नातीला घेऊन फिरायचे. एक दिवस डोंगराच्या पायथ्याशी जपून ठेवलेलं एक जुनं गाव बघायला गेलो. घरांची नुसती दगडी जोती उरली आहेत, मधून पाण्याचे पाट वाहतात, आणि भोवती त्यांच्या पूर्वजांनी लावलेल्या झाडांचीच बाग राखली आहे. नीरफणस, केळी, ऊस, चक्क हळदसुद्धा. आणि मधोमध घोटाभर वाहत्या पाण्यात अळूचे वाफे. साताऱ्याच्या क्वार्टरमागे आपलं अळू मोरीच्या पाण्यावर वाढायचं, साबणाचा फेस पीत. इथे त्याला डोंगरावरचं पाणी. मी मुलीला म्हटलं, "बघ, याचे काय लाड आहेत." ती मोबाईलमध्ये होती.

बाग दाखवणारी बाई तू गेलीस त्या वयाची असेल. अळूला ते लोक कालो म्हणतात. तिने सांगितलं, त्यांच्या आदिमातेचं पहिलं मूल जन्मतःच गेलं, ते पुरलं तिथे कालो उगवला, आणि माणूस त्यानंतर जन्मला. म्हणजे कालो थोरला भाऊ. त्याने धाकट्याला खाऊ घालायचं, धाकट्याने त्याची निगा राखायची. म्हणून कालोचं भांडं जेवताना उघडं असेल, तोवर घरात कुणी भांडायचं नाही, कुणाला टाकून बोलायचं नाही. थोरला समोर बसलेला असतो.

मला हसू आलं. तू तर दिवसभराचं सगळं जेवणाच्या वेळेसाठी राखून ठेवायचीस. माझा रंग, माझे गणिताचे मार्क, माझी चाल, शेजारणीची मुलगी. बाबा आमटी भुरकत असायचे, दादा ताटात बघत असायचा, आणि तू पोळी वाढता वाढता सावकाश, आवाज न चढवता बोलायचीस. आपल्याकडे हा नियम असता तर आपण उपाशी मेलो असतो.

पण अळूच्या दिवशी मी तुला सगळं माफ करायचे, कारण अळूची पहिली वाटी माझी असायची. फदफदं गॅसवर असतानाच तू मला हाक मारायचीस. ओट्याशी उभी राहून, फुंकर घालून मी ते खायचे आणि तू माझ्या तोंडाकडे बघत राहायचीस. तू माझ्याकडे एवढं टक लावून एरवी कधी बघायची नाहीस. "खाजतंय का?" विचारायचीस. खाजतंय म्हटलं की चिंचेचा कोळ अजून घालायचीस. घरात माझ्या वाट्याला पहिलं असं तेवढंच यायचं आणि मी ते शाळेत मैत्रिणींना सांगायचे.

मग शाळेच्या गाण्याच्या स्पर्धेचा दिवस आला. दुपारी माझं गाणं होतं आणि सकाळी तू अळू केलंस. त्या दिवशी माझ्याआधी दादाने वाटी उचलली. तू ती त्याच्या हातातून काढून घेतलीस. मला अजून तुझा आवाज ऐकू येतो. "तू थांब. आधी तिला खाऊ दे. खाजलं म्हणजे? उद्या तोंडी परीक्षा आहे तुझी." आणि वाटी माझ्या हातात दिलीस. मी तुझ्याकडे बघितलं. तुला माझं गाणं आठवत नव्हतं असं नाही, माझ्या परकराला तू सकाळीच इस्त्री केली होतीस. मी खाल्लं. खाजलं. तू शांतपणे चिंच घातलीस आणि दादाला गरम भाताबरोबर वाढलंस. दुपारी दुसऱ्या कडव्याला माझा घसा बसला. घरी आल्यावर तू म्हणालीस, "मुलीच्या जातीला गळ्याचे एवढे लाड कशाला?" तेव्हाही आपण जेवायलाच बसलो होतो.

हे सगळं त्या बागेत आठवलं असं नाही. मी इतकी हळवी नाही. बाई सांगत होती की पानं नीट शिजली नाहीत तर घसा खाजतो, म्हणून ते लोक ती तासन् तास शिजवतात. आमच्या घरी ते कळायला एक माणूस ठेवलेलं होतं, हे मी तिला सांगितलं नाही. तिने लाकडी भांड्यावरचं झाकण काढलं आणि नारळाच्या दुधात शिजवलेली पानं छोट्या वाट्यांतून आम्हाला दिली. मी माझी वाटी हातात घेतली आणि सरळ मुलीच्या पुढे धरली.

"आधी तू खा. खाजतंय का बघ."

मी हे मराठीत बोलले. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर तेवढं अर्धं इंग्रजीत येतं. "व्हाय मी? खाजलं तर?"

"खाजलं तर कळेल ना," मी म्हणाले. सावकाश, आवाज न चढवता.

त्या बाईला मराठीतलं काय कळणार? पण तिने माझ्याकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं, आणि भांड्यावर झाकण ठेवलं. "तुमचं बोलून होऊ द्या. मग उघडते," म्हणाली. रागावली नव्हती. मला मात्र कानशिलात बसल्यासारखं झालं. माझ्या मुलीने वाटी माझ्या हातात परत दिली. ती मी खाल्ली. अजिबात खाजली नाही.

त्यानंतर पितृपक्षात दादाचा पुण्याहून फोन आला. "आईचं पान ठेव हं. अळू करच, तिला फार आवडायचं." दादाच्या तोंडी तुझी आठवण कायम अशी चवदार असते. मी इथे हॉलंडात, आमस्टेलफेनच्या सुरिनामी दुकानातून पानं आणली. पानं अळूचीच, पण कुठली जात कोण जाणे, देठ चिरतानाच बोटं चुरचुरायला लागली. श्राद्धाचं आधी चाखायचं नसतं, हे तूच शिकवलंस. आजोबांच्या तिथीला वर्षातून तेवढा एक दिवस माझा घसा सुटायचा.

मुलगी शाळेतून आली, सायकल लावली आणि वासाने थेट स्वयंपाकघरात आली. तिने चमचा घेतला. "कॅन आय टेस्ट?"

"तू थांब," मी म्हणाले. "आधी आजीला खाऊ दे."

तुझं पान मी मागच्या अंगणात, कुंपणाशी ठेवलं. वरणभात, खीर, वडा आणि मधे अळूची वाटी. आमच्या उइटहॉर्न गावचे कावळे आपल्याकडच्यांपेक्षा लहान असतात, पण हावरे तेवढेच. दोन आले. एकाने वाटीत चोच घातली, वर केली, पुन्हा घातली, आणि मग बराच वेळ ती कुंपणाच्या फळीवर घासत राहिला. मी खिडकीत उभी राहून त्याच्या तोंडाकडे टक लावून बघत होते.

दादाला मी कळवलं की कावळा लगेच शिवला, आई तृप्त झाली. त्याला भरून आलं. हे पत्र त्याच्याही हाती पडणार नाही, म्हणून इथे सांगते. चिंच भिजवून ओट्यावर तयार होती. ती मी तुझी वाटी भरून झाल्यावर घातली.