इंग्रजी माझ्याकडे

६ जानेवारी १९३४
मॅट्रिकच्या या खासगी वर्गाची खरी किंमत आज मोजून पाहिली. घसा बसला तो बसलाच. चष्मा दोनदा जाड झाला. मधली खोली पोरांना गेली, म्हणून रुक्मिणी इतकी वर्षं मागच्या पडवीत स्वयंपाक करते — पाठीवर ऊन घेत. पण शुक्रवार पेठेत कुणालाही विचारा: माझ्या हाताखालचं पोर इंग्रजीत अडकत नाही. मी किराणा दुकानात पुड्या बांधत मॅट्रिक झालो. पोरं कुठं अडखळतात ते मला ठाऊक.

गणिताला विरुपाक्ष आहे. अक्कलकोटहून आला तेव्हा दोनदा नापास झालेला. तिसऱ्यांदा मी पास करून काढला आणि इथंच शिकवायला ठेवला. भूमितीच्या प्रत्येक पायरीनंतर त्याचं कानडी ‘हौदा?’ — खरं ना? — येतं. भिंतीआडून ते ऐकू आलं की समजावं, वर्ग नीट चाललाय.

२२ जानेवारी
नऊ पोरं आली नाहीत. विरुपाक्षही नाही. त्यातल्या शिवयोगीच्या घरी गेलो, तर त्याची आई गौरम्मा माझ्याकडं बघतच राहिली. “तुमीच वर्ग सात रस्त्याला हलवला न्हवं? विरुपाक्ष मास्तर घरोघर सांगून गेले की.”
माझ्या नावावर सांगून गेला!

२३ जानेवारी
सात रस्त्याला गेलो. माडीवर नवे बाक, नवा फळा. विरुपाक्ष उठला, वाकून पाया पडला.
“लोकांना खोटं सांगितलं मास्तर, ते चुकलं. पण तुमी मला मुलगा मुलगा म्हणलात, भागीदार कधी म्हणला न्हाई.” आणि वर — “इंग्रजीला तुमीच या की. पगार देतो.”
हसलो. जिना उतरून आलो.

१ फेब्रुवारी
चार पोरं उरली, पाचवा आमचा नंदू. यंदा पास झाला तर पुण्याला कॉलेजात जाईल. रुक्मिणी म्हणाली, “गणित कच्चं आहे त्याचं. जाऊ दे की विरुपाक्षकडं.”
म्हटलं, त्याच्या दारात माझा मुलगा? गणितही मीच घेतो.
ती उठून पडवीत चुलीकडं गेली.

२६ फेब्रुवारी
नंदू अंगणात येरझारा घालत घोकत होता. “हे दोन कोन समान, हौदा? म्हणून या बाजू समान, हौदा?”
पानाला चुना लावता लावता हात थांबला. पोराला विचारलं नाही. जेवताना रुक्मिणीकडं नुसतं पाहिलं.
“मीच पाठवते,” म्हणाली. “फी नको म्हणाला तो.” मीठ संपलं म्हणून सांगावं, तसं भाजी वाढता वाढता सांगितलं.
विरुपाक्ष परका होता. ही घरातली.

३ मार्च
इंग्रजी तेवढं माझ्याकडं. आठ निबंध तोंडपाठ करून घेतले. नंदू म्हणाला, “दादा, नववा आला तर?” म्हटलं, येत नाही.

९ जून
निकाल. विरुपाक्षची नऊही पोरं पास. नंदूचा नंबर यादीत नाही. रुक्मिणीला ऐकू जाईल असं म्हटलं — घ्या, विरुपाक्षचं गणित.

१९ जून
नंदूचे गुण आले. गणितात पास. इंग्रजीत गेला.